शूबाईचं ठणठणतं घड्याळ

शूबाईचं खरं नाव काय, ते तिच्या पेन्शनच्या कागदांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं ती वाचनालयात होती आणि बत्तीस वर्षं तिनं एकच काम जीव ओतून केलं. ओठांवर बोट न्यायचं आणि म्हणायचं, ‘शू!’ पुस्तकं देणं-घेणं, शिक्के मारणं, हे आपलं जोडीला.

आणि तिचं शू म्हणजे काय साधंसुधं होतं? एकदा म्हणे तिनं वाचनालयात शू म्हटलं, तर रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात सुई टोचून घेणारं पोर रडता रडता गप्प झालं. एकदा छतावरची पाल शेपूट आवरून उलट्या पावली माघारी गेली. एका उन्हाळ्यात पंखा कुरकुरायला लागला. शूबाईनं नुसती मान वर केली, तोंडही उघडलं नाही, तोवर पंखा आपला आपण बंद. वीज गेली होती, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात.

पण दुसऱ्यांना गप्प करता करता ती स्वतःच अशी गप्प झाली की विचारू नका. कपबशी ठेवायची तर आधी खाली करंगळी घालायची. दार लावायचं तर कडी दोन्ही हातांनी धरून, झोपलेलं बाळ उचलावं तशी. शिंक आली तर रुमालात कोंबायची आणि मग डोळ्यांतून पाणी काढत बसायची. एकटीच राहायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, घराला कुलूप आहे.

घर मात्र पूर्वी असं नव्हतं. शूबाईचा भाऊ, त्याची बायको आणि शूबाई, असे तिघं राहायचे तिथं. मग भाऊ गेला, अचानक, जेवता जेवता. माणसं जमली. वहिनी हंबरडा फोडून रडत होती. आणि शूबाई, जी स्वतः आतून पार मोडून गेली होती, तिच्या तोंडून काय निघावं?

‘शू!’

सवय हो, दुसरं काय! जीभच तशी वळलेली. पण चारचौघांत निघून गेलं ते गेलं. वहिनीचं रडं नळाची तोटी फिरवावी तसं तिथल्या तिथं थांबलं. तिनं नणंदेकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, “माझ्या नवऱ्यासाठी रडायलाही तुमची परवानगी लागते होय, वन्सं?”

महिन्याभरात बैठकीच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंत तरी कसली, लाकडाची चौकट आणि दोन्ही अंगांनी ठोकलेले बोर्ड, वर रंग. पुढचं दार शूबाईला, मागचं वहिनीला. मागचं दार पलीकडच्या गल्लीत उघडायचं. एकीला दुसरीकडे जायचं झालं तर घरांच्या आख्ख्या रांगेला वळसा घालावा लागायचा. शूबाईनं पहिल्या वर्षी कितीदा तरी चपला पायात घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. मग चपलाही घालेनाशी झाली. नऊ वर्षं झाली.

वहिनी पलीकडे आहे, हे कळायला काही वळसा घालायला नको होता. ती बाई म्हणजे एकटीची वरात. भांडी घासायची नाही, आपटायची. दारं लावायची नाही, हाणायची. आणि गेल्या तीन-चार वर्षांत तर तिला चेवच चढला होता. रेडिओ एवढा मोठा लावायची की शूबाईला हवामानाचा अंदाज इकडे बसून कळायचा.

“मुद्दाम करते,” शूबाई आरशातल्या शूबाईला म्हणायची. हळूच, अर्थात. “मला खिजवायला करते.”

तर या शूबाईला एकदा ताप आला. चांगला फणफणून आला. तीन दिवस ती अंथरुणात पडून. पाणी संपलं, उठवेना. दाराच्या फटीतून वर्तमानपत्र आत सरकायचं, ते तिथंच पडायचं. एक, दोन, तीन. पलीकडे भांडी नेहमीसारखी आदळत होती. चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा ती भिंत धरत धरत दारापाशी गेली आणि स्वतःच तीन पेपर उचलले. त्यांची घडी करता करता तिच्या मनात आलं, ‘मी गेले असते, तर हे पेपर कितीपर्यंत साठले असते?’

दहा? वीस? पेपरवाल्यानं बिल द्यायला कडी वाजवली असती तोवर? हिशेब काही लागेना. पण एक मात्र तिला लख्ख कळलं. जे घर कधी वाजतच नाही, ते वाजायचं थांबलं हे कुणाला कळणार? वहिनीचा रेडिओ एक दिवस बंद राहिला असता तर शूबाई दचकून उठली असती. शूबाई आख्खी बंद पडली तरी कुणाची झोपमोड होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळांच्या दुकानात गेली.

दुकानदार हा गोलमटोल, गोडबोल्या माणूस. मागच्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं. चौकोनी, लंबुळकी, पानाफुलांची, सोनेरी किरणांची.

“या मावशी. घरात लावायला? मोठं हवं? शोभेचं? हे बघा, हे घ्या. अजिबात आवाज नाही. लावलंय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

“मग लावायचं कशाला?”

“अं?”

“आवाजाचं दाखवा.”

“आवाजाचं?” दुकानदारानं कान खाजवला. “मावशी, हल्ली लोक आवाज नको म्हणून जास्तीचे मोजतात.”

“मला भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं हवंय.”

दुकानदाराला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. पण शूबाईनं दुकान नजरेनं मोजलं आणि मागच्या सामानाच्या खोलीकडे बोट केलं. “मी तिथं जाऊन उभी राहते. दार लावून घ्या. एकेक घड्याळ वाजवा.”

“तिथं खोक्यांशिवाय काही नाही हो.”

“मी काय नाचायला जातेय?”

गेली. रिकाम्या खोक्यांमध्ये ताठ उभी राहिली, भिंतीला कान लावून. बाहेर दुकानदार काटे फिरवून एकेक घड्याळ वाजवायचा आणि ओरडायचा, “आलं?”

“डास चावल्यासारखं.”

“हे?”

“हे रडतंय. दुसरं.”

“आणि हे? याच्यात पक्षी बोलतो!”

“त्याला जरा खायला घाला, मग बोलेल.”

असं सोळा घड्याळांचं झालं. दोन गिऱ्हाईकं आली, बघत उभी राहिली, आणि खोक्यांच्या खोलीतून बाईचा आवाज येतोय म्हटल्यावर काही न घेताच निघून गेली. शेवटी दुकानदार घाम पुसत म्हणाला, “एक आहे. पण ते मी विकायला नाही, टाकायला काढलंय.”

त्यानं कापड ओढलं. मीटरभर रुंदीचं घड्याळ होतं ते. भोवती पितळी पानांची घसघशीत वेल, मध्ये पांढरी तबकडी, खाली ताटलीएवढा लंबक. चावीचं. आत खरोखरीचा हातोडा आणि खरोखरीची लोखंडी तार.

“सहा वर्षं पडून आहे. माझ्या बायकोनं एकदा घरी लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, घरात एक तर हे राहील नाही तर मी.”

“मग?”

“मग काय, इथं आणलं. घ्या, जा आत.”

ठण्ण! खोक्यांवरची धूळ उडाली. शूबाईच्या दातांपर्यंत पोचला तो ठोका. शेजारच्या चप्पलवाल्यानं म्हणे भूकंप समजून चपला जागच्या जागी सोडल्या आणि अनवाणीच रस्त्यावर आला.

शूबाई दार उघडून बाहेर आली. केसांना कोळिष्टक लागलं होतं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती हसत होती.

“हेच,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचा मिस्त्री घड्याळ घेऊन आला. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. त्यानं घड्याळ उतरवलं, घरभर नजर फिरवली आणि खिडकीजवळची भिंत थोपटली. “इथं छान दिसेल. विटांची आहे. पक्की.”

“नाही. इथं.” शूबाईनं मधल्या भिंतीवर हात ठेवला.

मिस्त्रीनं बोटाच्या पेरानं टकटक केलं. “ही भिंत नाही बाई, हा ढोल आहे. अठरा किलोचं धूड आहे हे. खिळा धरणार नाही. आरपार बोल्ट घालावा लागेल, पलीकडून पट्टी लावून नट आवळायचा. पलीकडे कोण राहतं?”

शूबाईनं भिंतीवरचा हात काढून घेतला. म्हणाली, “पलीकडची.”

“मग जा, विचारून या.”

जा म्हणे! ती मटकन खुर्चीत बसली. मग उठली, खणातून वाचनालयाचं एक जुनं कार्ड काढलं, पाठकोऱ्या बाजूवर झरझर लिहिलं आणि मिस्त्रीच्या हातात दिलं. त्यावर होतं : ‘भिंतीला एक भोक पाडायचं आहे. परवानगी असावी.’ खाली सही नाही, काही नाही.

मिस्त्री तो आख्खा वळसा घालून गेला. बऱ्याच वेळानं घाम पुसत आला.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, एवढी थोरली भिंत घातली, आता एका भोकानं काय होतंय? पाडा म्हणावं.”

“आणखी काही?”

“विचारत होत्या, बोल्ट बाहेर किती राहील. म्हटलं, चार बोटं. कापून देतो हवं तर. म्हणाल्या राहू दे, काहीतरी अडकवीन.” मिस्त्रीनं ड्रिलची वायर सोडवली. “बोलतात मोठ्यानं हो त्या.”

“जन्माची सवय आहे,” शूबाई म्हणाली. पण ‘आणखी काही’मध्ये काहीच निघालं नाही, याचं तिला वाईट वाटलं. कशा आहात, असं तरी. किंवा कोण मेलं म्हणून भोक पाडताय, असं तरी.

भोक पाडून मिस्त्री पट्टी लावायला पलीकडे गेला. शूबाईनं इकडे कुणी नाहीसं बघून भोकाला डोळा लावला. पलीकडून भाजलेल्या कांद्याचा वास आला आणि निळ्या रंगाचं काहीतरी हललं. वहिनीचं कोपर असावं. मग भोकात बोल्ट बसला आणि सगळं बंद झालं.

घड्याळ लागलं. काय थाटाचं दिसत होतं! त्या दोन खुर्च्यांच्या बैठकीत जणू राजाच्या दरबारातलं काहीतरी वाट चुकून आलं होतं. आणि पोकळ भिंतीवर बसल्यामुळे त्याचा आवाज दुकानातल्यापेक्षा तिप्पट झाला. बाराचे ठोके पडले की फळीवरचे डबे एक बोट पुढे सरकायचे. सात दिवसांत साखरेचा डबा कडेला आला, शूबाईनं तो मागे ढकलला. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणे त्याच ठोक्यांवर जेवायची सुट्टी करायला लागला.

शूबाई आता वाट बघायला लागली. कशाची? तर भांडणाची. वहिनी भिंतीवर बुक्की मारेल. ‘बंद करा तो धिंगाणा!’ म्हणून किंचाळेल. मग आपणही काहीतरी म्हणू. काय म्हणायचं ते तिनं ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

पहिला दिवस गेला. पहिला आठवडा गेला. महिना गेला. बुक्की नाही की किंकाळी नाही. ठोके पडून गेले की पलीकडून फक्त एक बारीक किणकिण यायची. टिन्, टिन्. चमच्यावर चमचा वाजवल्यासारखी. शूबाईनं कान देऊन ऐकलं आणि तिचा चेहरा पडला. वाकुल्या दाखवतेय, दुसरं काय! मी ठण्ण करते, तर ही टिन् करते.

एवढा आवाज करूनही कुणी आलं नाही. आता मात्र घर पूर्वीपेक्षा रिकामं वाटायला लागलं. पूर्वी निदान वेळ गुपचूप जायचा. आता दर तासाला कुणीतरी ठणकावून सांगायचं, की बाई, आणखी एक तास झाला आणि कुणी आलं नाही.

दर रविवारी सकाळी चावी द्यायची असायची, अकरा वेढे. एका रविवारी शूबाई चावी हातात घेऊन उभी राहिली, आणि तिनं ती परत खणात ठेवली. वाजून बघितलं, आता थांबून बघू. कुणाला कळतं का, बघू. आणि मनाशी तिनं पक्कं ठरवलं, नाहीच कळलं, तर मिस्त्रीला बोलावून घड्याळ उतरवायचं, भोक बुजवायचं आणि पुन्हा वाट म्हणून बघायची नाही. कुणाचीच.

सोमवारी घड्याळ चाललं. मंगळवारी सकाळी नऊचे ठोके द्यायला लागलं आणि सातव्यावर दमलं. हातोडा अर्धवट वर, तसाच. लंबक दोनदा हलला, मग लोंबकळत राहिला.

शूबाई भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसली.

पलीकडे भांडी आदळली. रेडिओ लागला. कुणीतरी शेतीच्या अवजारांबद्दल बोलत होतं. दुपार झाली. ती जेवली, ताट करंगळी घालून ठेवलं, पुन्हा येऊन बसली. भिंतीतून मध्येच कसलीशी कुरकुर आली, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी. मग तीही थांबली.

बुधवारी तेच. भांडी, रेडिओ, दार. बुधवारी संध्याकाळी शूबाईला रडू आलं. तेही तिनं रुमालात कोंबलं, आणि कोंबता कोंबता तिच्या लक्षात आलं, की आता इथं शू म्हणणारं कुणी नाही. रुमाल बाजूला ठेवून तिनं मोकळ्यानं रडायचा प्रयत्न केला. येईना. घशातून नुसती हवा बाहेर पडायची.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला तिनं मिस्त्रीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. ‘घड्याळ उतरवायचं आहे,’ एवढं लिहून झालं आणि दार धडाधडा वाजलं. वाजलं म्हणजे काय, बिजागऱ्या ओरडल्या! पुढच्या दारावर अशी थाप नऊ वर्षांत पडली नव्हती. शूबाईनं कडी काढली.

दारात वहिनी. केस पांढरेफटक, हातात काठी, आख्खा वळसा घालून आल्यामुळे धापा टाकत. दुसऱ्या हातात पक्कड. तिनं शूबाईला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी गरजली :

“घड्याळ थांबलंय, का तुम्ही?”

शूबाई दारातून बाजूला झाली.

“जिवंत आहात ना? मग सांगायला काय होतं?” वहिनी आत आली आणि खुर्चीत कोसळली. “परवा वाटलं, माझ्याकडचा नट ढिला झाला. आवळला. काल वाटलं, चावी द्यायला विसरल्या असतील. मग म्हटलं, वन्सं आणि विसरणार? पुस्तक एक दिवस उशिरा आणलं म्हणून सख्ख्या भावाला दंड लावणारी बाई! काल दिवसभर नुसती त्या पळीकडे बघत बसले.”

“पळी?” शूबाई म्हणाली.

“काय?”

“कसली पळी?”

“मोठ्यानं बोला! ऐकू येत नाही मला. चार वर्षं झाली, कान गेले माझे. डाव्यात थोडं येतं.” वहिनीनं डावा कान पुढे केला. “त्या बोल्टावर मी पळी आणि झारा अडकवलाय. तुमचे ठोके पडले की दोन्ही थरथरतात, एकमेकांना लागतात. मला काय ऐकू येतंय! पण दिसतं ना. पळी हलली की म्हणायचं, चला, वन्सं उठल्या. नऊ झाले, वन्संनी चहा घेतला.”

शूबाई भिंतीकडे बघत राहिली. चार वर्षांची भांडी, चार वर्षांचा रेडिओ तिच्या डोक्यात एकदम उलगडला. आणि ती टिन्, टिन्.

“मला ताप आला होता,” ती म्हणाली. “थंडीत. तीन दिवस.”

“काय?”

“काही नाही.” ते सांगायचंच नव्हतं तिला. सांगायचं होतं दुसरंच. नऊ वर्षं जिभेच्या टोकावर बसून होतं ते. तिनं ओठ ओले केले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “त्या दिवशी मी तुम्हाला शू म्हणायला नको होतं.”

“काय म्हणालात?”

“त्या दिवशी,” शूबाईनं आवाज चढवला, “मी शू म्हणायला नको होतं.”

वहिनीनं कानामागे हात धरला. “अं? जरा जोरात की!”

मग शूबाईनं छाती भरून श्वास घेतला. बत्तीस वर्षांत जेवढे आवाज तिनं दुसऱ्यांच्या तोंडात परत कोंबले होते, ते सगळे जणू एकदम तिच्या गळ्याशी आले. “मी! शू! म्हणायला! नको! होतं!”

छपरावरची कबुतरं उडाली. शिंप्यानं जेवायचा डबा उघडला. आणि घड्याळातला तो सातव्या ठोक्यावर अडकलेला हातोडा, खरं-खोटं घड्याळालाच ठाऊक, हादरून खाली आला आणि आठवा ठोका पडला. ठण्ण!

शूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि या खेपेला आवाजही होता, फाटका, गंजलेल्या बिजागरीसारखा. वहिनी बसल्या जागी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून तिला रडू देत होती. शू म्हणाली नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाली, “तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच कळलं होतं मला. ओठ वाचता येतात.”

“मग?”

“मग काय! चारचौघांत म्हटलं होतं ना? चारचौघांना ऐकू जायला नको?”

चहाला मात्र ती थांबली नाही. गॅसवर काहीतरी ठेवून आले म्हणाली. उठली, पक्कड विसरली, आणि काठी टेकत निघाली. “चावी देऊन ठेवा,” एवढं दारातून ओरडली. शूबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. ती कोपऱ्यावर पोचायला किती वेळ लागला! मध्ये दोनदा थांबली. मग वळली, आणि रस्ता पुन्हा रोजच्यासारखा झाला.

घरही रोजच्यासारखंच होतं. दोन खुर्च्या, एक भिंत. फरक एवढाच, की टेबलावर चिठ्ठी होती आणि पक्कड होती. शूबाईनं चिठ्ठी फाडली. खणातून चावी काढली, अकरा वेढे दिले, काटे अकरावर आणले, आणि ठोके पडायला लागले तसा तळहात भिंतीला टेकवला.

अकरावा ठोका विरला. डबे जागच्या जागी बसले. पलीकडे अजून कुणी पोचलेलं नव्हतं. वळसा लांबचा होता. पण भिंतीच्या त्या अंगाला, रिकाम्या खोलीत, पळी झाऱ्याला लागत होती. टिन्, टिन्. शूबाईनं हात काढला नाही. मागचं दार आपटल्याचा आवाज येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.